प्रत्येक अपत्याला नव्यानं

त्या सकाळी अक्का निश्चल पडली होती, म्हणून मला वाटलं, झोपली आहे. तिच्या आजारात तेवढंच एक बरं होतं. जागेपणी कुणी दोऱ्या ओढाव्यात तसे तिचे हात, खांदे, मान हलत राहायची आणि झोप लागली की सगळं निवायचं. मी दार अलगद लोटून घेतलं, तिचा चहा झाकून ठेवला. उन्हं गॅलरीत आली तरी आतून काहीच हालचाल नाही... तेव्हा कुठं मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ज्या शांततेनं मला बरं वाटत होतं, ती झोपेची नव्हती.

अक्का माझी थोरली बहीण. शहरात, गारखेड्यात राहून तिनं आयुष्यभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतरही बारावीच्या मुली संध्याकाळी शंका घेऊन घरी यायच्या. आमचं मूळ गाव सोयगावकडचं, कापसाची शेती. वडिलांच्या हातून आधी तांब्या निसटू लागला, मग चालताना तोल जाऊ लागला आणि शेवटी तर ते भर बाजारात नाचल्यासारखे करत. थेंबाला न शिवलेल्या माणसाला लोक दारुडा म्हणाले. आत्या मात्र हसायची नाही. "दादा वाऱ्यात सापडला. आज्याचं बी असंच झालतं. आपल्या घरात लई जणं नाचत गेली, पोरी."

अक्का तेव्हा शहरात बी.एस्सी. करत होती. सुट्टीत आली आणि आत्याजवळ बसून एकेका मेलेल्या माणसाची चौकशी करत राहिली. त्यानंतर तिनं घरात स्वतःच्या लग्नाचा विषय काढू दिला नाही. पुढं माझं ठरलं, तेव्हा मला गच्चीवर नेऊन तिनं सगळं सांगितलं. हे वारं नाही, रक्तातून येतं आणि चाळिशी-पन्नाशीपर्यंत गप्प बसून राहतं... मी म्हटलं, "आत्याचं वारं बरं होतं अक्का, त्याला उतारा तरी होता." मी लग्न केलं. मला मुलगी झाली.

नवरा गेल्यावर मी अक्काकडं राहायला आले, त्याच वर्षी तिच्या बोटांत ते दिसू लागलं. खरं सांगते, दुःखाच्या तळाशी मला एक सुटकाही जाणवली होती. तिला झालं, म्हणजे मी वाचले.

मुली येतच राहिल्या. कुणी विचारायची, "मॅडम, जनुकातला दोष शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो?" अक्का म्हणायची, "केंद्रक असलेल्या प्रत्येक पेशीत. डोळ्यांच्याही." बोलताना तिचा हात आपोआप उठायचा आणि हवेत काहीतरी शोधून परत यायचा. मुली खाली बघायच्या. एकदा एकीनं विचारलं, "वडिलांना असेल तर निम्म्या मुलांना होणार ना? म्हणजे दोघींपैकी एकीला झालं, तर दुसरी सुटली?"

मी दारात पाण्याचे पेले घेऊन उभी होते.

"नाही," अक्का म्हणाली. "पहिलीला काय मिळालं, हे दुसरीच्या पेशींना माहीत नसतं. प्रत्येक अपत्याला शक्यता नव्यानं निम्मी." हे बोलताना तिची मान एका बाजूला ओढली गेली, पण नजर माझ्यावरून हलली नाही.

तिच्या तेराव्याला माझी मुलगी आली होती. तिला दिवस गेलेत. "आई, मला कळायला हवं," एवढंच म्हणाली. मागच्या आठवड्यात मी रक्त देऊन आले. अहवाल अजून यायचा आहे.

तोवर संध्याकाळी अक्काची खोली उघडते, सतरंजी अंथरते. काल एक नवी मुलगी आली. तिला अक्का गेल्याचं ठाऊक नव्हतं. ते सांगितल्यावर ती हिरमुसली, म्हणून म्हटलं, "विचार, काय विचारायचं ते." इतकी वर्षं दाराआडून ऐकलेलं उत्तर माझ्या तोंडून थेट अक्काच्या सुरात आलं. मुलगी चकित होऊन बघत राहिली.

"मावशी, तुम्हीपण जीवशास्त्र शिकवायच्या का?"

"नाही गं," मी म्हटलं. "आमच्या घराण्यातच आहे ते."