ग्लास आपटायची रीत

चौकातला बार होता तिथं आता बुटाचं दुकान आहे. माझ्या वयाचे लोक रिसालीच्या कॉलनीतून येतात, समोर चहा पितात आन् म्हणतात, काय दिवस होते राजा. कसे होते ते मी लिहून ठेवतो.

बारला अर्ध्या उंचीचं दार होतं. फर्स्ट शिफ्ट सुटली की आम्ही स्टील प्लांटवाले दुपारीच येऊन बसायचो. बाईमाणसानं आत यायचं नाही. कोणाची बायको शोधत आली तर दारावरून फक्त तिचं डोकं दिसे. मग आम्ही सगळे टेबलावर ग्लास आपटायचो, ती जाईपर्यंत. तिच्या नवऱ्यानंही आपटायचा. नाही आपटला त्याचं जगणं मुश्कील करायचो. ही रीत मीच काढली. लोक हसले, म्हणून चालली.

एक दिवस दारावर माझीच बायको. उन्हात पायी आलेली, कुंकू ओघळलेलं.

"अजी, बाहेर या न जरा. सांगाचं हाय."

"भाभी आली बे! दादा चालला पोळ्या लाटाले," मागून कोणी ओरडला.

मी उठलो नाही. सगळ्यांच्या आधी ग्लास आपटला, फुटेपर्यंत. ती जराशी थांबली आन् गेली. घरी आल्यावर विचारलं, काय होतं? "काही नाही," म्हणे. मले बरंच वाटलं.

मी रिटायर झाल्यावर रस्ता रुंद झाला, बार पाडला. आम्ही दोघं बाजारातून येत होतो. पडती भिंत पाहून माझ्या डोळ्यात पाणी आलं. तिनं पाहिलं.

"मी मेली त एवढं रडाल का?" म्हणाली, आन् पिशवी घेऊन पुढं गेली.

मग तिनं अंथरूण धरलं. घरात आम्ही दोघंच. चमच्यानं पाणी पाजता पाजता एकदा विचारलंच, "तू त्या दिवशी बारवर काय सांगाले आली होती?"

"आठवते मले."

"मग सांग न."

"नाही सांगत."

"कावून?"

"मी गेल्यावर विचारत बसा."

चार दिवसांनी गेली. तेरवी झाल्यावर मी उतई गावाले तिच्या बहिणीकडं गेलो. हात जोडून विचारलं.

"मले माहीत हाय भाऊजी," ती म्हणाली. "पण तुमाले सांगू नको म्हणून शपथ घातली तिनं."

आन् ती तांदूळ निवडाले बसली. मी ऊन उतरेपर्यंत ओट्यावर होतो. तिनं पाणीही विचारलं नाही.