माळवाले वकील

साहेब अशिलाचा कागद आधी बघत नसत, गळा बघत. समोरचा माणूस घाबराघुबरा होऊन समन्स पुढे करायचा आणि साहेब चष्म्यावरून बघत म्हणायचे, "कागद ऱ्हाऊ दे. सदऱ्याची वरची गुंडी काढ." गळ्यात तुळशीची माळ नसली की टेबलाचा डावा खण उघडायचा. त्यात नरसीच्या देवस्थानातून आणलेल्या माळांची जुडी असे. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यात, एक अपवाद सोडला तर, साहेबांचा अशील त्या दिवसांत बिनमाळेचा न्यायाधीशांसमोर उभा राहिला नाही. म्हणून हिंगोलीपासून जवळा बाजारपर्यंत लोक त्यांना माळवाले वकील म्हणत. मी त्यांचा मुन्शी. एकोणीस वर्षं त्यांच्या तारखा लिहिल्या.

दारू सोडायची तर माळ घालायची, ही आमच्या भागातली जुनी रीत. माळकऱ्याला कुणी आग्रह करत नाही आणि तोही त्या वाटेला जात नाही. पण त्यासाठी माणूस नरसीला जातो, तिथल्या महाराजांच्या पायावर डोकं ठेवतो. साहेब हे काम ऑफिसातच उरकत. एकदा एका कीर्तनकार महाराजांनी त्यांना कोर्टाच्या फाटकातच गाठलं. "वकीलसाहेब, माळ घालायला अधिकार लागतो." साहेबांनी हात जोडले. "बराबर हाय महाराज. पण तुमच्याकडं माणूस पस्तावून येतो, माझ्याकडं समन्सानं येतो. तारीख अकरा वाजताची असते. पस्तावा मागून येईल." महाराज हसले आणि जाताना दोन माळा साहेबांच्याच हातात ठेवून गेले.

शिक्षा सांगताना मात्र साहेब आडपडदा ठेवत नसत. "हे बघ. पयल्या खेपेला दहा हजारापर्यंत दंड, न्हाईतर सहा महिन्यांपर्यंत आत, न्हाईतर दोन्ही. पुन्हा सापडलास तर पंधरा हजार अन् दोन वर्सं. अन् लायसन कमीत कमी सहा महिने गेलंच समज. आता सांग, क्वार्टर केवढ्याला पडली?" हे ते अगदी गंभीर तोंडानं विचारत. काही जण खरंच भाव सांगत. मग साहेब मला म्हणत, "लिव्हा मुन्शीजी, अशील प्रामाणिक हाय."

त्यांचा दुसरा सिद्धांत कागदांबद्दलचा. "पेलेला एकच असतो मुन्शीजी, पण ठाण्यापासून दवाखान्यापर्यंत सगळे कागद झिंगलेले असतात." आणि ते खोटं नव्हतं. फुंकायच्या मशीनच्या चिठ्ठीवर नाव एकाचं, गाडीचा नंबर भलत्याचाच. डॉक्टरच्या फॉर्मवर 'तोंडाला दारूचा वास' आणि त्याच्याच खाली 'चाल सरळ, बोलणे सुसंगत'. रक्त घेतल्याची वेळ कोरी. अटक झाल्यापासून दोन तासांत तपासणी व्हावी लागते, आणि वेळच लिहिली नसेल तर ते दोन तास मोजायचे कुठून? साहेब त्या कोऱ्या जागेवर लाल पेन्सिलीनं एक टिंब देत आणि पान माझ्याकडे सरकवत. त्या टिंबातून कितीतरी जण घरी गेले. सुटलेल्याला पेढे वाटू देत नसत. म्हणत, "सुटलास म्हंजे पेला नव्हतास असं न्हाई."

तो एक अपवाद म्हणजे शिरड शहापूरचे रफिकभाई, रिक्षावाले. "साहेब, मला माळ कशी चालंल?" असं त्यांनी विचारलं तेव्हा साहेब जरा अडले, मग खण लावून घेत म्हणाले, "तुझ्या अम्मीला घेऊन ये." अम्मी आल्या, बाजाराच्या पिशवीसकट. साहेबांनी त्यांना शेजारच्या खुर्चीवर बसवून डॉक्टरचा फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. 'तोंडाला दारूचा वास' या ओळीशी म्हातारी उठली, आपल्या चाळिशीतल्या लेकाचं तोंड हुंगलं आणि परत येऊन बसली. रफिकभाईंनी त्या दिवसापासून थेंब घेतला नाही. साहेब स्वतः कुठलंच वाहन चालवत नसत, ते रफिकभाईंच्या रिक्षातून यायला-जायला लागले. माळवाल्या वकिलाच्या अशिलांत दारू खात्रीनं सोडलेला हा एकच, असं मी त्यांना चिडवायचो. त्यांना ते आवडायचं नाही.

आता बालाजीचं सांगतो. बालाजी माझा धाकटा भाऊ. पिकअप चालवायचा. जवळ्याच्या बाजारातून शेळ्या भरून येताना भर दुपारी पोलिसांनी त्याला धरला. मशीन नव्हतं, म्हणून दवाखान्यात नेऊन रक्त घेतलं. खटला दीड वर्ष रेंगाळला. मधल्या काळात त्याची सोयरीक जमली, लग्न तुळशीच्या लग्नानंतर करायचं ठरलं. डॉक्टरची साक्ष व्हायची त्या दिवशी सकाळी तो ऑफिसात आला आणि साहेबांसमोरच मला म्हणाला, "दादा, मी पेलो व्हतो. कबूल करून टाकतो. सहा महिने गाडी उभी ऱ्हाईल, शेळ्या चारतो."

मी त्याला गप्प केलं. सोयऱ्यांच्या गावात कळलं असतं की पोरगं दारूडं आहे, शिक्षा झालीय, लायसन गेलंय. सोयरीक मोडली असती, हेच माझ्या डोक्यात होतं. साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "मुन्शीजी, पोरगं खरं बोलून राहिलं. बोलू द्या की." तोवरच्या सगळ्या वर्षांत मी साहेबांकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. म्हणालो, "साहेब, रक्त घेतल्याची वेळ कोरी हाय. मी बघितलंय." टिंब त्या दिवशी मीच दिलं होतं.

बालाजीची पहिली माळ तुटली होती; साहेबांनी खण उघडला, नवी त्याच्या गळ्यात घातली आणि कोट चढवला. डॉक्टरला उलटतपासणीत वेळ सांगता आली नाही. बालाजी निर्दोष सुटला. घरी आईनं त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. तो मात्र माळेकडे बोट दाखवून मला म्हणाला, "दादा, ही काढू का आता?" मी म्हणालो, असू दे, लग्नात चांगली दिसंल.

सुटल्यापासून चौथ्या महिन्यात, लग्न व्हायच्या आधीच, बाजारात कापूस टाकून परत येताना, दुपारी तीनच्या सुमाराला त्याची पिकअप रस्त्याकडेला उभ्या असलेल्या पंक्चर ट्रॉलीवर गेली. लोक म्हणाले, पेलेला होता. पंचनाम्यातल्या वस्तू मी सही करून ताब्यात घेतल्या. मोबाईल एक नग, पाकीट एक नग, तुळशीची माळ एक नग. अक्षर वाईट होतं, ते मी पुन्हा नीट लिहायला लावलं. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. आई म्हणते, याचं काळीज कोर्टात बसून दगड झालं. असेलही.

साहेब मातीला आले, तेराव्यालाही आले. मी पंधराव्या दिवशी कामावर गेलो आणि तारखा लिहायला लागलो. महिनाभरानं एक हवालदार दुसऱ्याच खटल्यात साक्षीला आला होता, तो बाकावर माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "मुन्शी, तुमच्यापासून लपवत न्हाई. त्या दिवशी नाक्यावर मीच व्हतो. मशीन हातात व्हतं. फुंक म्हणणार तेवढ्यात गळ्यातली माळ दिसली. माळकऱ्याला काय फुंकाय लावायचं? जा माउली म्हणलं अन् सोडून दिलं." त्याचे डोळे भरले होते. मी उठून त्याच्यासाठी चहा आणला. काहून आणला, ते मला अजून सांगता येत नाही.

हे मी साहेबांना सांगितलं, जसंच्या तसं. त्यांनी डावा खण उघडला, माळांची जुडी काढून पिशवीत घातली आणि रफिकभाईंना म्हणाले, "नरसीला चल." संध्याकाळी रिकाम्या हातानं परतले. मला म्हणाले, "माळ मी त्याच्या गळ्यात घातली, अन् ती पोलिसाच्या डोळ्यावर बसली."

मी म्हणालो, "साहेब, मीच मागितलं व्हतं."

"तुमी भाऊ व्हते," ते म्हणाले. "वकील मी व्हतो."

या विषयावर आमचं पुन्हा कधी बोलणं झालं नाही. ते तेवढ्यानं मला मोकळं करायला बघत होते, हे मला कळत होतं. मी मोकळा झालो नाही. शिक्षा झाली असती तर लायसन सहा महिने गेलं असतं, आणि चौथ्या महिन्यात बालाजी शेळ्यांमागं माळरानावर असता. हा हिशेब मी रोज करतो. तो चुकत नाही.

त्यानंतर साहेबांनी गळा बघायचं सोडलं. समोरच्याला एवढंच विचारत, "पेला व्हतास का?" नाही म्हणाला तर जिवाचं रान करून लढत. हो म्हणाला तर सांगत, "मग कबूल हो. दंड कमी व्हावा म्हणून मी विनंती करतो, लायसन मात्र जाईल, जाऊ दे." लोक म्हणायचे, कबूलच व्हायचं तर वकील कशाला? अशील निम्मे झाले. बाररूममध्ये हसं झालं. लाल पेन्सिल मात्र टेबलावरच होती. एकदा एका फॉर्मवर वेळ कोरी दिसली तेव्हा त्यांनी ती उचलली आणि परत ठेवली. "मला दिसतं मुन्शीजी. पण बघवत न्हाई."

साहेब मागच्या थंडीत गेले, झोपेतच. त्यांच्या गळ्यात लहानपणापासूनची माळ होती, ती तशीच ठेवली. रफिकभाईंनी खांदा दिला आणि घाटावरून परतताना मला रिक्षात पुढं बसवलं, साहेब बसायचे तिथं.

आता मी एका तरुण वकिलाकडे मुन्शी आहे. हुशार आहे, कोरी जागा त्याला लांबूनच दिसते. साहेबांनी माळा देणं बंद केलं, पण रीत काही बंद झाली नाही. कोर्टासमोरच्या पानटपरीवर तंबाखूच्या पुड्यांशेजारी तुळशीच्या माळा लटकतात आणि तारखेच्या दिवशी चांगल्या खपतात. मागच्या आठवड्यात औंढ्याकडचा एक टेंपोवाला तशीच नवी माळ घालून आला. वकीलसाहेब आत कोट घालत होते. पोरगं बालाजीएवढंच असेल.

मी त्याला म्हणालो, "माळ काढून खिशात ठेव."

तो बिचकला. "काहून?"

"ठेव तर. आता सांग, पेला व्हतास का?"

त्यानं दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. "व्हय," म्हणाला. "पण तुमी कुणाला सांगू नका."

"मी न्हाई सांगणार," मी म्हणालो. "तू सांग. आत गेल्यावर हेच सांग. कुणी गप बस म्हणलं तरी सांग."