पोथीवरचं कुंकू

पुस्तकांचं कपाट उघडलं की जुन्या कागदाच्या वासात हळदीचा वास मिसळून येतो आणि मला महाळुंगे पडवळची ती दुपार आठवते. मी ख्रिस्ती प्रार्थनांची जुनी छापील पुस्तकं गोळा करतो, म्हणून एका मित्रानं जुनी छापील पोथी दाखवायला मला तिथल्या शेतकऱ्याच्या घरी नेलं होतं. पडवीत कांदा पसरलेला होता. शेतकऱ्यानं हात धुऊन देव्हाऱ्यातली लाल फडक्यातली पोथी माझ्यापुढं ठेवली. "फडकं आमी कदी सोडलं न्हाई, निस्ती पुजली," तो म्हणाला. मी फडकं सोडलं. आडवी सुटी पानं, शिळाछापाची ठसठशीत अक्षरं, वर हळदकुंकवाचा थर, आणि आत चक्क येशूच्या प्रार्थना! मिशनऱ्यांनी मुद्दाम पोथीसारख्या छापलेल्या. असली प्रत मी आजवर पाहिली नव्हती. गप्प बसावं असं क्षणभर वाटलं, पण राहवेना. "भाऊ, ही तुमच्या देवाची नाही, आमच्या येशूची आहे." तो चपापून बायकोकडं बघायला लागला. ती शांतपणे म्हणाली, "मंग काय झालं? इतकी वर्सं आपल्या देवाशेजारी बसली, घरची लेकच झाली की. आता तिच्या मानसांत जाऊ दे, पन कुंकू लावून." आणि तिनं पोथीवर ताजं हळदकुंकू वाहून ती नारळासकट माझ्या हातात दिली. परवा एक जाणकार म्हणाले, पोथीवरचे हे कुंकवाचे डाग काढता येतील. मी ताठ मानेनं सांगितलं, बाकीची पुस्तकं मी विकत आणलीत. ही एकटी माहेरचं कुंकू लावून आलीय.