काचेपलीकडचे काकाजी

"कागद काहीबी म्हणन. आपण आधी पाहून घेऊ."

ट्रकचं दार उघडण्याआधी काकाजी हे म्हणायचे. मग सीलवरचा नंबर बोटानं चाचपून मोठ्यानं वाचायचे, आणि वाचून झाला की पुन्हा उलटा वाचायचे. नंबर जुळला तरी चेहऱ्यावर समाधान नसे. जुळला म्हणजे कोणीतरी नीट जुळवून ठेवला असणार, असा तो चेहरा.

वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात ते माल उतरवून घ्यायचे. मी तिथं संगणकावर बसते. रामटेकजवळच्या आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. चार ठिकाणी नकार ऐकून इथं आले, तेव्हा काकाजींनी मालकांजवळ माझ्यासाठी शब्द टाकला. ते उपकार मी विसरणार नाही. पण शब्द टाकला म्हणजे विश्वास ठेवला, असं मात्र कोणी समजू नये.

पहिले काही महिने ते मला एकच प्रश्न दोनदा विचारत. सोमवारी, "काल सुट्टीत कुठं गेली होती वं?" आणि गुरुवारी चहा पिता पिता, जणू पहिल्यांदाच, "रविवारी घरीच होती काय?" दोन्ही उत्तरं जुळली की मान हलवून निघून जात. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्याशी खरं बोलायचं तरी आपण आधी मनात दोनदा आठवून घेतो. आमचा एक हमाल म्हणायचा, "काकाजीच्या घरी उंदीरबी बिल्टी दाखवूनच शिरते."

बिल्टीवर, म्हणजे मालासोबत आलेल्या कागदावर, सही करताना ते खाली न चुकता लिहीत, 'माल तपासणे बाकी'. तपासून झाला असला तरी.

निवृत्तीला आठ महिने राहिले असतील. एका दुपारी त्यांनी आपला मोबाईल माझ्यासमोर ठेवला.

"पोरीच्या नंबरवरून लिंक आली हाय. पण पोरीनंच पाठवली कशावरून?"

"फोन करून विचारा ना."

"ती माझा फोन उचलत नाही."

काकींना जाऊन बरीच वर्षं झाली होती. ही एकच मुलगी, लग्न होऊन हुडकेश्वरला राहणारी. मी माझ्या फोनवरून तिला विचारलं.

"मीच पाठवली," ती म्हणाली. "ऑनलाइन समुपदेशन आहे. मी आणि हे, दोघंही तिथं बोलतो. बाबांना सांगा, सहा वेळा बोलायचं. मगच मी फोन उचलीन." जरा थांबून म्हणाली, "आणि पाहा, हेही त्यांनी तुमच्याकडूनच तपासून घेतलं."

काय बिघडलं होतं ते काकाजींनी मला नंतर तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मुलगी म्हणाली होती, मैत्रिणीकडे गेले होते. यांनी दुसऱ्या दिवशी तिच्या सासूला फोन करून सहज विचारावं तसं विचारलं, काल लेक कुठं गेली होती? सासू म्हणाली, बाजारात. पोर दोन्हीकडे गेली होती, गोष्ट एवढीच. पण त्या दिवसापासून सासूही विचारू लागली, मग नवराही. "बापालेच भरोसा नाही, तर आम्ही कसा ठेवावा?" असं सासू तिला तोंडावर म्हणाली. हे मुलीनं वडिलांना कळवलं, आणि त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

फोनवर बोलून कोणाचं काही बरं होतं, यावर माझाही विश्वास नव्हता. पैसे घेऊन गोड बोलतील आणि मधेच गायब होतील, असंच मला वाटत होतं. तरी मी फॉर्म भरून दिला. शेवटी एक रकाना होता, 'आणखी काही सांगायचं आहे का?'

"लिही. माल तपासणे बाकी."

"काकाजी, इथं माल कुठं हाय?"

"लिही तू."

मी लिहिलं. समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत ते वाचून दाखवलं म्हणे, आणि म्हणाल्या, "तपासा. घाई नाही." काकाजींनी लगेच त्यांना खोलीचे चारही कोपरे कॅमेऱ्यातून दाखवायला लावले. स्वतःच्या कॅमेऱ्यावर मात्र जखमेला लावायची पट्टी चिकटवून ठेवली होती.

दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ते आपल्या काचेच्या केबिनमध्ये बसत. माझी जागा बाहेर.

"इथं बस. मले दिसली पाहिजे, पण तुले ऐकू नाही आलं पाहिजे."

म्हणून मी त्यांना पाहिलं ते असं, काचेतून, आवाजाशिवाय. पहिल्या दोन वेळा हाताची घडी. तिसऱ्या वेळी पट्टी निघालेली, आणि एक हात हवेत काहीतरी समजावत होता. एकदा त्यांनी बोलता बोलता माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, माझ्याबद्दल तर सांगून राहिले नाहीत? त्यांचा रोग मलाही लागला होता.

चौथ्या बुधवारी ते अर्ध्यातूनच उठून बाहेर आले.

"बंद. ती बाई मले तपासून राहिली."

"काय झालं?"

"मागच्या खेपेस विचारलं, लेकीनं फोन नाही उचलला तर मनात काय येते. आज पुन्हा तेच. शब्दबी तेच. जुळवून पाहून राहिली ती."

मला आधी हसू आलं. मग जे कधी बोलायचं नव्हतं ते तोंडातून गेलं.

"काकाजी, तुम्हीबी मले असंच विचारत होते. पहिल्या महिन्यात मी तीनदा खोलीवर जाऊन रडली."

"काहून?"

"मी खोटी हाय असं वाटे."

"खोटी नव्हतीच तू."

"ते तुम्हाले माहीत. मले कोणी सांगतलं?"

"मंग तवाच बोलली काहून नाही?"

"बोलली असती, तर तुम्ही माझ्या घरमालकिणीले फोन करून विचारलं असतं, हे पोरगी खरंच रडते काय म्हणून."

ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले. बाहेर मागे येणाऱ्या ट्रकसाठी क्लीनरचं "आने दो, आने दो" चालू होतं. एरवी ते धावत गेले असते.

"पोरबी रडली असन मंग," ते म्हणाले.

पुढच्या बुधवारी त्यांनी मला न विचारता स्वतःच त्या बाईंना फोन लावला. मी कुठं बसले आहे, हेही पाहिलं नाही.

सहाव्या भेटीनंतर दोन दिवसांनी टेबलाशी येऊन एवढंच म्हणाले, "उचलला." मी विचारलं, आता शंका नाही येत? तर म्हणाले, "शंका थोडीच जाते. तोंडातून निघू देत नाही, एवढंच." हे खरं की खोटं, मला कळायला मार्ग नव्हता. त्या बाईंनी काही केलं, की पोरीच्या अबोल्यानं केलं, हेही मी आजवर ठरवू शकले नाही.

आता त्या केबिनमध्ये काकाजींच्या जागी दुसरे गृहस्थ बसतात. ते मला काहीच विचारत नाहीत.

काकाजींच्या निवृत्तीच्या दिवशी मुलगी न्यायला येणार होती. चार वाजता येते म्हणाली होती. ते शाल आणि नारळाची पिशवी घेऊन चारपासून फाटकाशी उभे. सव्वापाच झाले. पावणेसहा झाले. हमाल एकमेकांकडे पाहत होते. आता काय होणार, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

ती आली. स्कूटर उभी करून हेल्मेट काढत म्हणाली, "उशीर झाला." पुढचं उत्तर तिनं तयार ठेवलेलं दिसत होतं.

काकाजींचे ओठ हलले.

"पाणी पेतं काय?" त्यांनी विचारलं.

मी बाटली दिली. ती प्याली, आणि बाटलीवरून माझ्याकडे पाहून तिनं भुवई वर केली. मी खांदे उडवले. काकाजी तोवर मागच्या सीटवर चढून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेसुद्धा. तिनं किल्ली लावली, पण फिरवली नाही. मान अर्धी वळवून ती त्यांच्या प्रश्नाची वाट पाहत राहिली. ते रस्त्यावरच्या ट्रककडे बघत, गप्प बसून होते.