थंडीत इंजिनाची भूक वाढते

बैलाची झूल मोटरसायकलवर घातलेली मी आयुष्यात एकदाच पाहिली. बेल्ह्यात, दशरथ अण्णांच्या गोठ्यात, डिसेंबरातल्या एका पहाटे. एका बाजूला शर्यतीचे दोन बैल, दुसऱ्या बाजूला आमच्या कंपनीची अजून बाजारात न आलेली मोटरसायकल, आणि तिघांच्याही अंगावर झूल. गाडीच्या हँडलला झेंडूची माळ आणि टाकीवर गुलाल.

"थंडी लई पडलीया, म्हनून पांघरून घातलं," अण्णा म्हणाले. "आन सांच्याला खुराक बी दिलाय."

मी झूल काढता काढता थांबले. "कसला खुराक?"

"आईल. आमचा बबन वाईच थेंबभर घालतो पेट्रोलात. म्या आख्खा डबा वतला. पळायचंय ना तिला आज!"

मी झूल तशीच सोडून टाकीचं झाकण उघडलं.

आधी थोडं मागचं सांगते. नव्वदच्या दशकात मी पुण्याजवळच्या एका दुचाकी बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला होते. गाडी किती पळते, किती पेट्रोल पिते, कुठे तुटते, हे बाजाराच्या आधी शोधून काढणं हे आमचं काम. मी मूळची घोडेगावची, त्यामुळे जुन्नर-आंबेगावात कुठलीही टेस्ट निघाली की साठे सर, म्हणजे आमचे मॅनेजर, ती माझ्या गळ्यात घालत. "तुमच्याच भागातली माणसं आहेत, तुमचं ऐकतील," असं ते म्हणायचे. आमच्या भागातली माणसं कुणाचंच ऐकत नाहीत, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

बेल्ह्याजवळ एक नवा रस्ता झाला होता. डांबर पडलेलं, पण रहदारी सुरू व्हायची होती. सरळसोट, पुलाच्या उतारापर्यंत सपाट, जवळ घर नाही की झाड नाही. ठेकेदाराने तो आम्हाला वापरू दिला. काम एकच होतं, गाडीचा टॉप स्पीड काढायचा. रस्त्यावर दोन खुणा करायच्या, गाडी पूर्ण वेगात त्यांच्यामधून न्यायची आणि वेळ मोजायची. मग तेच उलट्या दिशेने करून सरासरी काढायची, म्हणजे वाऱ्याने केलेली मदत आणि खोडी दोन्ही वजा होतात.

गाडी चालवणार होता बबन भोर, वारूळवाडीचा. आमचा सगळ्यात चांगला टेस्ट रायडर. दशरथ अण्णा त्याचे चुलते. त्यांचं घर त्या रस्त्यापासून फार लांब नव्हतं, म्हणून गाडी रात्री त्यांच्याकडे ठेवली होती. बबनचं पुढच्या मे महिन्यात लग्न ठरलेलं होतं आणि त्यावरून त्याला डिपार्टमेंटमध्ये रोज कोणी ना कोणी छळत असे. मीही.

आदल्या दुपारी आम्ही गाडी ट्यून केली होती. म्हणजे काय केलं होतं, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कार्बोरेटरमध्ये पितळेचा एक बारीक भोकाचा छोटा स्क्रू असतो. त्याला जेट म्हणतात. फुल थ्रॉटलला, म्हणजे मूठ पूर्ण पिळल्यावर, इंजिनात किती पेट्रोल जायचं ते या भोकावर ठरतं. भोक मोठं तर पेट्रोल जास्त, गाडी गुदमरते. भोक लहान तर पेट्रोल कमी, गाडी सुसाट सुटते, पण आतून तापते. जास्तीत जास्त वेग हवा असेल तर जेट शक्य तितका लहान घ्यायचा आणि तापण्याच्या अलीकडे थांबायचं. ते अलीकडे म्हणजे कुठे, हे स्पार्क प्लग सांगतो. गाडी पूर्ण वेगात असताना क्लच दाबायचा, इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं, गाडी घरंगळत थांबवायची आणि प्लग काढून बघायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर कमी. बिस्किटासारखा तपकिरी आला की जमलं. आदल्या दुपारी चौथ्या जेटला प्लग अगदी खुसखुशीत बिस्किट निघाला होता. बबनने तो मला दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, चहा आणा, बुडवतो."

मुख्य रन दुसऱ्या दिवशी दुपारीच होता. पण दुसऱ्या दिवशी बेल्ह्याचा बाजार. ठेकेदाराने संध्याकाळी कळवलं की जनावरांचे टेंपो नव्या रस्त्यानेच घुसणार, कुणाच्या बापाचं ऐकणार नाहीत, तेव्हा काय ते उजाडताच उरकून घ्या. साठे सर लगेच हो म्हणाले. त्यांच्याबरोबर जाहिरात खात्याचे मुंबईचे दोन पाहुणे पुण्याहून निघाले होते.

तर आता गोठ्यात मी उभी, तोंडातून वाफ निघतेय, आणि मनात दोन गोष्टींची बेरीज करतेय.

पहिली गोष्ट हवेची. थंड हवा दाट असते. इंजिन प्रत्येक श्वासाला तेवढाच घोट घेतं, पण थंडीत त्या घोटात हवा जास्त मावते. हवा जास्त, तर पेट्रोलही त्या मानाने जास्त हवं. पण जेटचं भोक काल दुपारच्या उन्हातलं, ते काही आपणहून मोठं होत नाही. म्हणजे काल बरोबर असलेली गाडी आज पेट्रोलला भुकेली.

दुसरी गोष्ट अण्णांच्या खुराकाची. ती टू-स्ट्रोक गाडी. तिच्या पेट्रोलातच थोडं ऑइल मिसळावं लागतं. ऑइल जास्त घातलं की इंजिन सुरक्षित, असं सगळ्यांनाच वाटतं. पण जेटमधून जातं ते दोघांचं मिश्रण. ऑइल वाढलं की तेवढी पेट्रोलची जागा जाते, शिवाय मिश्रण घट्ट होऊन हळू वाहतं. अण्णांनी प्रेमाने जे पाजलं, त्याने गाडीचं पोट आणखी मारलं होतं.

अशी गाडी पूर्ण वेगात गेली तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये घट्ट बसतो. याला सीज होणं म्हणतात. इंजिन एका क्षणात थांबतं, त्याबरोबर मागचं चाकही अडकतं. सावकाश चालताना झालं तर शिवी हासडून माणूस उतरतो. शंभराच्या पुढे झालं तर उतरायला काही उरत नाही. असा एक रायडर मी हॉस्पिटलात पाहिला होता. मला बबनला तिथे पाहायचं नव्हतं.

रस्त्यावर पोचलो तर जत्रा. अण्णांनी गावभर सांगितलं होतं. बैलगाडा शर्यतीचा अनाउन्सर स्वतःचा कर्णा घेऊन आलेला, हलगी वाजत होती, शेवटच्या खुणेपाशी झेंडेवाला उभा. या लोकांना सेकंदावर मोजली जाणारी प्रत्येक गोष्ट शर्यतच वाटते, आणि खरं सांगायचं तर ते चूकही नाही.

"चला चला, गाडी लावा," साठे सर हात चोळत म्हणाले. "टेंपो सुरू झाले की संपलं."

"सर, टाकी रिकामी करायची आहे. आणि जेट बदलायचा आहे."

"काल तर परफेक्ट होती ना?"

"काल दुपारी होती."

"एका रात्रीत गाडी बदलली?"

"गाडी नाही, हवा बदलली."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. साठे सर मला जरा बाजूला घेऊन गेले. "हे बघा, ही माणसं मुंबईला परत जाणार आहेत. एक रन होऊ द्या. एका रनने काही होत नाही."

"मग तुम्ही चालवा," मी म्हणाले.

मला राग आला की आवाज आपोआप मोठा होतो. तो हलगीवाल्यांपर्यंत गेला. हलगी थांबली. अण्णा पुढे आले.

"ताई, माजं काय चुकलं का?"

त्यांचा चेहरा इतका उतरला होता की माझा राग विरघळला. मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. "अण्णा, थंडीत बैलाला वैरण जास्त लागते ना?"

"लागती की."

"गाडीलाही आज वैरण जास्त लागणार. आणि तुम्ही वैरणीच्या जागी तूप भरलंत. बैल पळेल कशावर?"

अण्णांनी कपाळावर हात मारला. मग वळून बबनला म्हणाले, "आरं मुडद्या, बघत काय ऱ्हायलास? वत ते समदं खाली!"

त्यानंतर मला कुणाशी भांडावं लागलं नाही. टाकी रिकामी झाली, कार्बोरेटरची वाटी खोलून पुसली, नवीन मिश्रण मी स्वतः मोजून केलं. बोटं थंडीने इतकी बधिर झाली होती की जेट दोनदा हातातून निसटला. दोन पायऱ्या मोठा जेट बसवला. मोठ्या बाजूला चूक झाली तर गाडी थोडी मंद पळेल, एवढंच. लहान बाजूच्या चुकीला माफी नाही. अनाउन्सर मात्र गप्प बसेना. "ताईंनी गाडीचं ऑपरेशन घेतलेलं हाय राव, कुनी जागा सोडू नका!"

बबन इंजिन गरम करत असताना मी त्याच्या कानाशी ओरडले, "पलीकडची खूण ओलांडलीस की प्लग बघायचा. माझ्यासाठी आकड्याच्या आधी प्लग."

त्याने हेल्मेट हलवलं. मग गेला.

सुरुवात कानाला बरी वाटली. गाडी पहिल्या खुणेपाशी पोचली तेव्हा आवाज तार ताणल्यासारखा एकसलग होता. रस्ता दुसऱ्या खुणेनंतर ओढ्याच्या पुलाकडे उतरतो, तिथे गाडी दिसत नाही. झेंडा पडलेला मी पाहिला. बबन उतारावर नाहीसा झाला. आणि आवाज तुटला.

कमी होत गेला नाही. तुटला.

अनाउन्सरने कर्णा खाली घेतला. मग झेंडेवाला झेंडा टाकून पुलाकडे पळत सुटला. अण्णा बबनच्या नावाने हाका मारू लागले. साठे सरांचा चेहरा पांढरा पडला होता, त्या पांढऱ्या प्लगसारखा, आणि माझ्या मनात फक्त एवढंच आलं की बबनच्या आईला मी काय सांगू. मी पळायला लागले. मागून कंपनीची जीप येत होती, पण जीपची वाट पाहायचं मला सुचलंच नाही.

निम्म्या रस्त्यात मी थांबले, कारण उतारावरून आधी एक हेल्मेट वर आलं, मग बबन. चालत होता. गाडी हाताने ढकलत होता आणि झेंडेवाला मागून हातभार लावत होता. मला बघून बबनने एक हात उंच केला. त्या हातात रुमालात धरलेला प्लग होता.

"मॅडम! बिस्किट!"

मी त्याला प्लग बघायला सांगितलं होतं. प्लग बघायचा तर पूर्ण वेगात इंजिन बंद करावं लागतं. आदल्या दिवशी आम्ही ते चार वेळा केलं होतं, आणि आवाज तुटल्यावर मला त्यातलं काहीसुद्धा आठवलं नव्हतं. झेंडेवाला पळाला होता तो बबनने गाडी चढावर ढकलायला हाक मारली म्हणून.

मी रस्त्याच्या कडेला बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडले. अण्णा येऊन पोचले, त्यांनी बबनच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला आणि मग त्याला मिठीतून सोडेचनात.

उलटा रनही झाला. शेवटच्या वेळी गाडी खुणेतून गेली तेव्हा पहिला टेंपो लांबून हॉर्न देत येत होता, आत चार बैल.

आकडा चांगला आला. साठे सर खूश, पाहुणे खूश. पाहुण्यांनी विचारलं, "मग पहाटेच्या थंड हवेत गाडी जास्त पळते, असं म्हणायचं का?" म्हणून बाजार उरकल्यावर दोन दिवसांनी आम्ही भर दुपारी, लहान जेट परत लावून, पुन्हा मोजलं. फरक जवळपास शून्य. पहाटेचा वेग किंचित जास्त होता, पण एवढा किंचित की जाहिरातीत छापला असता तर लोक हसले असते. कारण साधं आहे. दाट हवेत इंजिनाला दम जास्त मिळतो, पण गाडीला फाडावी लागणारी समोरची हवाही तेवढीच दाट असते. एका हाताने दिलेलं ती दुसऱ्या हाताने काढून घेते. परदेशात मिठाच्या वाळलेल्या तळ्यांवर वेगाचे विक्रम करणारे लोक गाडीला हात लावायच्या आधी हवेचं तापमान आणि दाब मोजतात, ते वेगापेक्षा इंजिन शाबूत राहावं म्हणून जास्त, असं मला त्या दिवसापासून वाटतं.

साठे सरांनी पुढच्या प्रत्येक टेस्टला थर्मामीटर सक्तीचा केला. स्वतःच्या सहीने, जणू त्यांनाच सुचलं होतं.

मे महिन्यात बबनच्या लग्नाला वारूळवाडीला गेले. ऊन मी म्हणत होतं. नवरदेवाला बाहेरून मिरवत आणायला सजवलेली मोटरसायकल उभी होती, आणि अण्णा तिच्यापुढे आडवे उभे राहून वरातीतल्या सगळ्यांना अडवून धरत होते.

"थांबा! ताई आल्याबिगर गाडी हलायची न्हाई. पैलं हवा बघतील, मंग नवरदेव बसंल."

मी आकाशाकडे पाहून मान डोलावली. बबन बसला.