दादाच्या रायफलीवरची दुर्बीण

निवडणुकीसाठी पोलीस ठाण्यात जमा केलेली दादाची रायफल काल परत आणली. तेलाचा वास आला आणि नार्वे गावातला नदीकाठचा बांध आठवला.

दादा, माझा थोरला भाऊ, तेव्हा लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी दुर्बीण निवडत होता. पारखायला आणलेली एक त्याने रायफलीवर चढवली आणि रायफल माझ्या खांद्याला टेकवली. मी नदीपलीकडचं शेत शोधलं. आधी माडाची झावळ दिसली, मग निळी साडी, मग वहिनीचा चेहरा. ती घाम पुसत होती. दुर्बिणीतली काळी फुली तिच्या कपाळावर थांबली आणि माझं बोट चापावर होतं.

"दादा, वहिनी दिसते!"

"म्हणजे काच बरी आसा," तो हसला. "घाबरू नको, रिकामी आसा ती."

"तू बघलंस?"

"तू नाय बघलंस?"

पलीकडून वहिनीने हात हलवला. दादाने नळी हळूच आभाळाकडे वळवली आणि बोल्ट ओढला. आत गोळी नव्हती. पण ती नव्हती, यात आमचा शहाणपणा काहीच नव्हता, हे आज जास्त बोचतं.

ती दुर्बीण दादाने परत केली. त्याऐवजी धारगळच्या दुकानातून साधी हातदुर्बीण घेतली, बंदुकीवर न चढणारी. वहिनीला अजून वाटतं, दादाला पक्षी बघायची आवड लागली.