तानूनं मोकळी ठेवलेली जागा

शेळीचं करडू उभं राहून आचळाला लागल्याशिवाय माझी बायको तानू त्याला नाव द्यायची नाही. "आदी जगू दे, मग हाक मारू," म्हणायची. मी चौथी शिकलेला, ती शाळेची पायरी न चढलेली. पण शहाणपण तिच्याकडं होतं, माझ्याकडं नव्हतं.

मुलगा-सून दूर मुलखात, सोनं गाळायच्या दुकानावर. नात स्वाती आमच्याजवळच वाढली. डॉक्टरकीच्या परीक्षेत तिला बरे मार्क पडले आणि मी प्रवेशाची यादी लागायच्या आधीच स्टँडवर फ्लेक्स लावला: 'भावी डॉक्टर'. तानू म्हणाली, "आवं, पोटात हाय तवर बारसं करत्यात व्हय?"

शेवटच्या यादीतही पोरीचं नाव आलं नाही. ती भिंतीकडं तोंड करून पडली. फ्लेक्सखालून जायला लागतं म्हणून दुकानालासुद्धा जाईना. तानूनं विळा घेतला, भर बाजाराच्या दिवशी फ्लेक्स कापून आणला आणि शेळ्यांच्या छपरावर टाकला. मग पोरीजवळ बसली.

"स्वाते, एक बाभळ वाळली म्हून कळप उपाशी मरत न्हाई. आजून काय काय हाय, सांग मला."

पोरगी रडत रडत सांगत गेली. पुन्हा परीक्षा, आयुर्वेद, नर्सिंग.

"तुला काय पायजे? आज्याचं सोड."

"आजून एक वरीस न्हाई सोसायचं, आजी. नर्सिंग करते."

मी ओरडलो, "गावाला डॉक्टर म्हून सांगितलंय, आन आता नर्स?"

"गावाला तुमी सांगितलंय. तिनं न्हाई."

दोघी नर्सिंगच्या प्रवेशासाठी एसटीनं सांगलीला गेल्या. मी गेलो नाही. त्या दिवसापासून तानूशी धड बोललोही नाही. तीही मनवायला आली नाही. ताट तेवढं पुढं सरकवायची.

दिवाळीच्या तोंडावर ती गेली. शेळ्यांना वैरण टाकता टाकता खाली बसली, ती उठलीच नाही. 'बरं केलंस' एवढं दोन शब्दांचं बोलणं माझ्या तोंडातच राहिलं.

दहाव्याला स्वातीनं सांगितलं. कॉलेजात पालकाची सही हवी होती. तिथले साहेब म्हणाले, आजीचा अंगठा चालेल. तानूनं हात मागं घेतला. "जागा मोकळी ठेवा. सई हिच्या आज्याची. रागावल्यात, पर येतील."

तेराव्यानंतर मी सांगलीला गेलो. साहेबांनी कागद काढला, बोट ठेवून जागा दाखवली आणि हसून विचारलं, "आजी नाही आल्या आज?"

"न्हाई," म्हणालो, आणि सही केली.